बिनकडीची आलमारी

मी एक जुनी सागवानी आलमारी आहे, करडी गावच्या वाचनालयातली. माझ्या दारांवर स्क्रूची चार रिकामी भोकं आहेत. मित्रांनो, त्यांचीच गोष्ट सांगते. कोणाला झोंबली तर झोंबो.

१९७४ साली जागेश्वर सुताराने मला घडवलं. कडी कुठे बसवू, असं त्याने विचारलं, तेव्हा वाचनालय चालवणारे तुलारामजी म्हणाले, "बसवूच नको. यातलं नेण्यासाठीच हाये."

तुलारामजी सातवी शिकलेले. धानाबद्दल गावाला जे जे कळलं, ते त्यांनी फायलींत लावलं. कोणत्या बांधीत, म्हणजे शेताच्या तुकड्यात, कोणतं धान पिकलं, कोणत्या रोगावर काय केलं. फाईल कोणीही न्यावी, उतरवून घ्यावी, परत ठेवावी. चूक सापडली तर खोडायचं नाही, खाली आपलं लिहून नाव टाकायचं. गावातल्या रंभाबाईला लिहिता येत नव्हतं. मिठाच्या पाण्यात पोचट बियाणं वेगळं करायची रीत तिने सांगितली, तुलारामजींनी लिहिली आणि खाली तिचा अंगठा घेतला. त्या अंगठ्याचा मला फार अभिमान होता.

मग एका फायलीचं पान फाटलं आणि अध्यक्ष भय्याजींनी मला स्क्रूने कडी बसवून कुलूप लावलं. जपायला म्हणे! किल्ली त्यांच्या करदोड्याला. दोन वर्षं लोक मला बाहेरून पुसत, दसऱ्याला हार घालत. आत उधई, म्हणजे वाळवी, लागली, हे कोणाला दिसणार?

चौऱ्याऐंशीत तुलारामजी थकले. पुढे फायली कोणी सांभाळायच्या, त्यांत काय वाढवायचं, हे ठरवायला बैठक बसली. कुलूप उघडलं तर खालच्या कप्प्यातल्या फायलींची माती झालेली. रंभाबाईचा अंगठाही गेला. तुलारामजींनी आखणीचा कागद बाजूला सारला. आता आखणी कशाची करायची?

रंभाबाई भय्याजींची काकी. ती शांतपणे त्यांना म्हणाली, "कडी काढ, बाप्पा. कोणी चोरून नेलं असतं तं बरं झालं असतं. त्याच्या घरी तं रायलं असतं."

माहेरी आलेली तिची लेक निर्मलाबाई हे ऐकत होती. कुलूप लागायच्या आधीच तिने आईच्या रितीची फाईल एका वहीत उतरवून सासरी, कोंढ्याला नेली होती. आठवड्याने ती वही आली. कोंढ्याच्या बायांनी तिच्यात तीन पानं वाढवली होती, खाली सात अंगठे.

तुलारामजींनी त्या अंगठ्यांवरून हात फिरवला आणि आखणीचा कागद पुढे ओढला. दरेक फाईल दुसऱ्या एका गावी उतरवलेली पाहिजे, एवढंच लिहिलं. भय्याजींनी स्वतः पेचकस आणून कडी काढली.

मित्रांनो, मला हार नको, पुसणंही नको. मला उघडा. न्या, उतरवा, खाली आपलं लिहून परत आणा. लिहिता येत नसेल तर अंगठा चालतो.