गाडीचं नवं नाक

बाबा भर पावसात, छत्रीचा दांडा मानेत अडकवून, गाडीपुढे उकिडवे बसले होते. हातात आईची शिवणकामाची टेप होती आणि ते गाडीच्या दिव्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजत होते. मी फाटकातच थबकले. या माणसानं आयुष्यात कधी पडद्याचं मापसुद्धा घेतलेलं नाही.

"काय चाललंय?" मी विचारलं. ते मोजतच राहिले. अगदी जवळ जाऊन पुन्हा विचारलं तेव्हा दचकले आणि टेप घाईघाईनं खिशात कोंबली.

"काही नाही गं. बरं, तुमच्या ऑफिसात त्या रेल्वेपुलाखाली पाणी किती चढतं ते लिहिलेलं असतं ना? जास्तीत जास्त किती चढलंय?"

मी पावसाच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात काम करते. आमच्याकडे पाऊस इतका, की दोन दिवस ऊन पडलं तर माणसं आजारी पडल्यासारखी एकमेकांना फोन करतात. पण इतक्या वर्षांत बाबांनी माझ्या कामाबद्दल एकच प्रश्न विचारला होता, जेवणाची सुट्टी किती असते हा. आणि आज एकदम पुलाखालचं पाणी! माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. एकदा तो वळवळला की मला अन्न गोड लागत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

त्या दिवसांत घरात आधीच वातावरण तापलेलं होतं. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. इस्पितळ टेकडीवर, वळणावळणाच्या चढाच्या टोकाला, आणि आईला तिथे चांगले काही आठवडे राहावं लागणार होतं. बाबांनी जाहीर करून टाकलं होतं की ते रोज भेटायला जाणार, आपल्या गाडीनं आणि एकटे. दादाला हे मुळीच पटलं नव्हतं. आमचा दादा दुसऱ्या शहरात राहतो आणि फोनवरून घर चालवतो. "बाबांचं वय झालंय, गाडी विकून टाका, टॅक्सीनं जा," असा त्याचा हुकूम होता. बरीच बाचाबाची झाल्यावर तो एवढ्यावर आला, की गाडी चढावर एकदा जरी अडकली तरी किल्ल्या त्याच्या ताब्यात. बाबांनी ते कबूल केलं होतं, पण तेव्हापासून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"मापं कसली घेताय ते सांगा, मग पाण्याचं सांगते," मी म्हटलं.

बाबांनी इकडेतिकडे बघितलं. "गाडीला नवं नाक बसवायचंय," ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर गेले. गाड्यांना बाहेरचे सुटे भाग बसवून देणारं ते दुकान म्हणजे गल्लीच्या टोकाचं एक मोठं शेड होतं. भिंतीवर वाकडेतिकडे चकचकीत पाइप टांगलेले आणि आत सगळी पंचविशीच्या आतली गिऱ्हाइकं. फिटरला सगळे नगारा म्हणत. आयुष्य चालू इंजिनांशेजारी गेल्यामुळे तो साधं "या, बसा"सुद्धा गल्ली ओलांडून जाईल असं म्हणायचा. माझं दोन मिनिटांत डोकं उठलं. बाबा मात्र खुशीत होते. "या माणसाचं बोलणं किती स्पष्ट आहे नाही?" ते मला म्हणाले.

"काका, इंजिन हवा ओढतं ना, तो कंपनीचा फिल्टरचा डबा हवा घेतो, पण आवाज गिळून टाकतो," नगारा गरजला. "म्हणून पोरं बाहेरचा इनटेक, म्हणजे हवा घ्यायचा पाइप, लावतात. हा बघा लांब पाइपवाला. याचा फिल्टर जातो खाली, बंपरमागे, चाकाजवळ. थंड हवा मिळते, गाडीला जोर येतो आणि आवाज असा खर्जातला, की विचारू नका. पण तुम्ही पाण्यातून गेलात आणि फिल्टर बुडाला, की इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग आतले दांडे वाकतात आणि गाडी जागच्या जागी आडवी."

"आणि हा आखूड?"

"याचा फिल्टर वरच, इंजिनाच्या शेजारी. पाणी पोचायचं नाही. फक्त गरम हवा ओढतो, त्यामुळे जोर थोडा कमी."

"जोर कोणाला हवाय?" बाबा म्हणाले. "मला आवाज हवाय."

दुकानातली पोरं एकमेकांकडे बघून हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पांढऱ्या केसांचा, इस्त्रीच्या शर्टातला माझा बाप गाडी गुरगुरायला लावायला निघालाय, आणि ते का, याचा मला पत्ता नाही. लाज एकीकडे आणि कुतूहल दुसरीकडे. अशा वेळी माझं कुतूहलच जिंकतं.

दोन्ही तऱ्हेच्या पाइपांच्या गाड्या दुकानात उभ्याच होत्या. बाबांनी अट घातली. ते डोळे मिटून उभे राहतील, नगाऱ्यानं इंजिन वाढवायचं नि सोडायचं, आणि आवाज बदलला की ते बोट वर करतील. आधी लांब पाइपवाली झाली. इंजिन चढलं, बोट वर. उतरलं, बोट खाली. एकदाही चुकले नाहीत. मग आखूड पाइपवाली. तिचा आवाज बारीक, फुसफुसता, पण चांगला मोठा. नगाऱ्यानं एकदा वाढवलं, दोनदा वाढवलं, तिसऱ्यांदा तर असं वाढवलं की मी कानांवर हात ठेवले. बाबांचं बोट खालीच.

"वाढवा की आता," डोळे मिटूनच ते म्हणाले.

नगाऱ्यानं माझ्याकडे बघितलं आणि इंजिन बंद केलं.

मी बाबांना शेडच्या दाराशी ओढत नेलं. "तुम्हाला ऐकू येत नाही!" मी जवळजवळ ओरडले. रागानंच ओरडले. घाबरले की मला आधी राग येतो.

"येतं. जाड आवाज येतात," ते म्हणाले. "ट्रकचा हॉर्न येतो, नगारा येतो. बारीक गेले. पाखरं गेली, कुकरची शिट्टी गेली. तुझी आई आतून हाक मारते, ती गेली." मग शर्टाची बाही उगाच नीट करत राहिले. "मी जन्मभर गिअर कानानं टाकले. या गाडीचं इंजिन मुळात मवाळ. मला वाटतं दुसऱ्यात आहे, तर असतो चौथ्यात. परवा त्या चढावर सराव करायला एकटा गेलो होतो. दुसऱ्या वळणावर बंद पडली. मागे रांग लागली."

"काटा बघायचा ना, इंजिन किती फिरतंय त्याचा."

"या गाडीत तो काटाच नाही. आणि असता तरी त्या धुक्यात मी रस्ता बघू की काटा?"

"मग आजवर कसं जमलं?"

"तेच तर कळत नाही. तुझी आई शेजारी असली की कधी असं होत नाही. एकटा असलो की घोटाळा." बाबा खरोखरच चक्रावलेले दिसले. "कान तपासून घेतलेत. यंत्र सांगितलंय, पण ते यायला वेळ आहे. ऑपरेशन थांबणार आहे का? तुझ्या आईला तिथे एकटं पडून रोज दाराकडे बघत बसायला लावू? मी टॅक्सीनं जाईनही, पण एकदा किल्ल्या गेल्या की गेल्या. परत कोण देतंय?" ते दाराबाहेरच्या पावसाकडे वळले. "तिला यातलं काही सांगू नकोस."

मला त्यांना दोन शब्द सुनवायचे होते आणि जवळही घ्यायचं होतं. दोन्ही जमेना, म्हणून मी नगाऱ्याकडे मोर्चा वळवला.

आता घोडं नेमकं कुठे अडलंय ते मला दिसत होतं. जो आवाज बाबांना ऐकू येतो त्याचा फिल्टर पाण्यात बुडणार, आणि जो फिल्टर कोरडा राहणार त्याचा आवाज बाबांना ऐकू येणार नाही. इस्पितळाला जायचा रस्ता तर त्या पुलाखालूनच. तिथल्या खांबावर आमच्या खात्यानं पाण्याची उंची मोजायला पट्टे रंगवलेत आणि दर पावसाळ्यात पाणी कुठवर आलं हे मला तोंडपाठ आहे. निम्मं चाक बुडेल एवढं पाणी तिथे नेहमीचंच. मी ते नगाऱ्याला सांगितलं. त्यानं लांब पाइप निमूटपणे परत भिंतीला अडकवला.

"काकांना खर्जातलाच आवाज पाहिजे, असंच ना?" तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच जरा हळू म्हणाला. माळ्यावर चढून त्यानं एक मोठा बंद डबा खाली आणला. फिल्टर आत आणि डब्याचं तोंड वर, दिव्याच्या मागे उघडणारं. "पोरं हा घेत नाहीत, दिसायला भपका नाही ना. पण पिंपात तोंड घालून बोललं की कसा आवाज घुमतो? तसा घुमतो हा."

बाबांनी खिशातून आईची टेप काढली. डब्याचं तोंड कुठे येईल तिथपासून जमिनीपर्यंत मोजलं आणि माझ्याकडे बघितलं. पुलाखाली पाणी आजवर जिथवर चढलं होतं, त्याच्याही चांगलं वर होतं ते.

"म्हणून खोल पाण्यात घालायची नाही हं," नगारा म्हणाला. "नाक वर असलं तरी बाकीची गाडी खालीच असते."

मग फिल्टर तेलाचा की कोरडा यावर खल झाला. तेलाचा फिल्टर दमटपणाला बरा, पण जास्त तेल लागलं तर ते उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं, असं नगाऱ्याचं म्हणणं पडलं. आम्ही कोरडा घेतला आणि त्यावर पाणी न धरणारं एक पातळ कापडी टोपडं. एवढ्यावर माझं समाधान होईना. मी नगाऱ्याला बॉनेटवर रबरी पाइपानं धो धो पाणी सोडायला लावलं. मग डबा उघडला. फिल्टर कोरडा ठाक, आणि तळाच्या भोकातून थेंब थेंब पाणी बाहेर पडत होतं. मी जमिनीवर आडवी होऊन ते थेंब बघत राहिले. रोज पावसाचं पाणी मोजणाऱ्या बाईला पाणी बाहेर जाताना बघून एवढा आनंद होईल, असं मला वाटलं नव्हतं.

बाबांनी स्टिअरिंगवर बसून इंजिन वाढवलं. गाडी पोटातून हुंकारली. त्यांनी डोळे मिटले नाहीत की बोट वर केलं नाही, नुसते हसत सुटले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दादा आला तेव्हा बाबा गाडी चालू करून बघत होते. "सायलेन्सर फुटलाय का?" हा त्याचा पहिला प्रश्न. बाबा बॉनेट पुसत राहिले आणि मी चहा टाकायला पळाले. आईनं खिडकीतून आवाज ऐकला, बाबांकडे एकदा बघितलं आणि बॅग भरायला घेतली.

ऑपरेशन नीट पार पडलं. त्या दिवशी आम्हाला सगळ्यांना दादानंच आणलं, नेलं. दुसऱ्या दिवसापासून बाबांची परीक्षा होती. दुपारी मी ऑफिसातून परस्पर बसनं आईकडे गेले. बाहेर पाऊस कोसळत होता आणि खिडकीखालचा चढ धुक्यात गुडुप झाला होता. दादा व्हरांड्यात हाताची घडी घालून, टेहळणी करावी तसा उभा होता. आईचे पाय उशांवर होते, चेहरा ओढलेला. मी तिच्याशी काहीबाही बोलत होते, पण माझा जीव टांगणीला लागला होता.

"गप्प बस जरा," आई एकदम म्हणाली.

खालून तो हुंकार आला. पहिलं वळण. आवाज जड व्हायला लागला, आणखी जड झाला. चादरीवर पडलेला आईचा हात उचलला गेला आणि तिनं गादीच्या कडेवर बोटं दाबली. "आता," ती पुटपुटली. क्षणभर काहीच झालं नाही. मग इंजिनाचा सूर बदलला, मोकळा झाला आणि गाडी वर यायला लागली. दुसरं वळण आलं. आईची बोटं पुन्हा दाबली गेली आणि या वेळी सूर बरोबर त्याच क्षणी बदलला. मी तिच्याकडे बघतच राहिले.

"आई, तुला माहीत होतं?"

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "गिअरच्या दांड्यावर ह्यांचा हात, त्यावर माझा. इंजिन रडायला लागलं की मी जरा दाबते. ह्यांना वाटतं, चढ आला की मी घाबरते." ती हसायला गेली, पण डोळे भरून आले. "काल रात्रभर तोच घोर. माझ्याशिवाय हे येणार कसे?"

"मग बोलली का नाहीस?"

"त्यांनी मला सांगितलं का?"

जिन्यात पावलं वाजली. आईनं हात चादरीखाली घेतला आणि डोळे पुसले. बाबा आत आले. अर्धे भिजलेले, आणि पाठोपाठ दादा, रिकाम्या हातानं. किल्ल्या बाबांच्या बोटात खुळखुळत होत्या.

"एकटा आलो," बाबा म्हणाले. "एकदाही अडकली नाही. एकही गिअर चुकला नाही. ऐकलंस का?"

आईनं तोंड पुरतं त्यांच्याकडे वळवलं आणि एकेक शब्द सुटा करत, मोठ्यानं म्हणाली, "मला बाई गिअरमधलं काय कळतंय!"