सांगून जाणं

मेहताबने दोरीवरचा सदरा खाली ओढला आणि नाकाला लावला. साबणाचा वास आला. दुसरा कसलाच वास नाही, आणि तिला तेच खटकलं. बत्तीस वर्षांच्या संसारात ज्या माणसाने स्वतःचा रुमाल कधी पिळला नव्हता, त्याने सदरा, पायजमा, बनियन सगळं धुऊन, झटकून, चिमटे लावून वाळत घातलं होतं. तेही या आठवड्यात चौथ्यांदा.

ती न्हाणीत डोकावली. फरशी ओली, टॉवेल ओला, बादली पालथी घालून ठेवलेली. सकाळी तिच्यादेखत अंघोळ करून गनीभाई चहाला बसले होते. मग ही दुसरी अंघोळ कसली? नवऱ्याने भरदुपारी डोक्यावरून पाणी घेतलं तर त्याचा अर्थ काय, हे लग्न झालेल्या बाईला कुणी समजावून सांगावं लागत नाही. आणि ती तर दुपारी घरात नव्हतीच.

गनीभाई पुढच्या ओट्यावर ऊन खात बसले होते.

"दुपारी आंघोळ केली का?"

"व्हय. उकडत हुतं."

जानेवारी चालू होता. मेहताबच्या अंगात स्वेटर होता आणि गनीभाईंच्या डोक्याला मफलर. तिने पुढे काही विचारलं नाही. खोटं बोलणाऱ्याला आणखी प्रश्न विचारले की तो फक्त शहाणा होतो, एवढं तिला कळत होतं.

तिच्याकडे पुरावेही होते. चार दिवसांपूर्वी पायजम्याच्या शिवणीत तिला एक केस सापडला होता, बोटाएवढा लांब आणि लालसर. तो तिने कॅलेंडरच्या कागदात गुंडाळून तांदळाच्या डब्याखाली ठेवला होता. तेव्हापासून बेलापुरातल्या मेंदी लावणाऱ्या एकूण एक बाईच्या डोक्यावरून तिची नजर फिरून आली होती. संशयाला लाज नसते. एकदा तर तिने सख्ख्या नणंदेचाही केस उजेडात धरून पाहिला. त्याशिवाय रोज दोन उकडलेली अंडी नाहीशी होत होती. गनीभाईंना तर अंड्याचा वासही सोसत नव्हता. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे, हल्ली ती सकाळी निघाली की ते विचारत, "किती वाजता येशील?"

हा प्रश्न या माणसाने जन्मात विचारला नव्हता. ती अडीच म्हणायची आणि मान खाली घालून चपला शोधायची. आपल्या मागे किती वेळ मोकळा आहे याचा हा हिशेब, अशी तिची खात्री झाली होती.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत गनीभाई ट्रकवर होते. साखरेच्या आजाराने डोळे अधू झाले, गाडी सुटली. मुलगा आवेज पुण्याला गॅरेजात. मेहताबने शाळेत खिचडी शिजवायचं काम धरलं. आयुष्यभर तो बाहेर आणि ती घरात होती. आता उलटं झालं होतं. माणूस घरी बसला म्हणून तिला बरं वाटलं होतं. उशिरा का होईना, नवरा मिळाला, असं ती आवेजला फोनवर हसून म्हणालीही होती. म्हणून आता जीव जास्त जळत होता.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या शेडमध्ये मेहताब खिचडीच्या पातेल्यात उलथणं फिरवत असताना बनुबाई जवळ सरकल्या. त्या तिच्याबरोबर तिथेच कामाला होत्या.

"भाभी, एक सांगू का? राग धरू नका."

"सांगा की."

"गनीभाई दिसले कालव्याकडच्या नव्या घरांत. परवा बी आन काल बी. ती पंकजा नर्स ऱ्हाती ना, तिच्या दाराचं कुलूप उघडत हुते. चावी हुती त्यांच्याकडं." बनुबाईंनी आवाज आणखी खाली आणला. "नवरा तिचा शनवारी येतो पुन्याहून."

"काही काम असंल."

"असंल की," बनुबाई म्हणाल्या आणि मिठाच्या डब्याकडे वळल्या.

मेहताबचा हात फिरत राहिला. खिचडी खाली लागली, वास सुटला, तेव्हा तिला भान आलं. तिने गॅस बंद केला. वाढायचं तुम्ही बघा, माझं डोकं दुखतंय, असं सांगून ती शाळेबाहेर पडली. साडेअकरा वाजले होते. अडीचला अजून तीन तास होते आणि ते कुणाला दिलेले आहेत, हे तिला आज डोळ्यांनी बघायचं होतं.

कालव्याच्या कडेने चालताना तिला रडू येत नव्हतं, राग येत होता. एकोणीस वर्षांची असताना ती श्रीरामपुरात एका भाड्याच्या खोलीत आली होती. ओळखीचं कुणी नाही. गनीभाई पहाटे तिला न उठवता निघून जायचे. सांगून निघालं की बायका रडतात, असं त्यांचं म्हणणं. ती उठायची तेव्हा शेजारची गादी थंड झालेली असायची. आठ दिवस, कधी वीस दिवस. फोन नव्हता. रस्त्यावर ट्रकचा आवाज आला की ती दाराशी जायची आणि ट्रक पुढे गेला की परत यायची. आवेज झाल्यावरच ते दाराशी जाणं कमी झालं. आता या वयात तो माणूस दुसऱ्या बाईला अंडी उकडून नेत होता.

पंकजाच्या दाराशी गनीभाईंच्या चपला होत्या. फक्त त्यांच्याच. दार लोटलेलं, खिडकीला पडदा. मेहताब भिंतीला लागून उभी राहिली. आतून आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण आवाज त्यांचाच होता, हळू, समजूत घालणारा, कुणाच्या तरी केसांवरून हात फिरवत बोलावं तसा. असा आवाज या माणसाकडे आहे हे तिला आजपर्यंत ठाऊक नव्हतं.

मग आवाज दाराजवळ आला.

"येतो," गनीभाई कुणाला तरी म्हणाले, अगदी स्पष्ट. ते बाहेर आले, कुलूप लावलं, मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन वेळ पाहिली आणि मान वर केली तर समोर बायको.

मेहताब बोलणार तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"आत कोन हाय?"

"हळू. दोन मिनिटं थांब."

"दोन मिनिटं कशाला? तिला मागच्या दारानं जायला?"

गनीभाईंना त्यातलं काहीच कळलेलं दिसलं नाही. त्यांचे कान दाराकडे होते. आतून बारीक, नाकातून निघालेलं कण्हणं आलं. मग नखं लोखंडावर घासल्याचा आवाज. मग काही नाही.

"कुत्रं?" मेहताब म्हणाली.

"गप झालं बघ," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की तिला तो बघवेना.

दोन मिनिटं भरल्यावर त्यांनी कुलूप काढलं. आत भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली स्वच्छ पुसलेली फरशी आणि कोपऱ्यात जाड तारेचा मोठा पिंजरा. त्याच्या दाराच्या दोन सळ्या वाकलेल्या होत्या. आत लालसर रंगाचं, झुपकेदार शेपटीचं कुत्रं उभं होतं. नाकावर खपली धरलेली जखम होती. तांदळाच्या डब्याखालचा पुरावा त्या शेपटीवर शेकड्याने हलत होता. मेहताब खुर्चीत बसली. तिला हसू आलं आणि ते तिने पदरात दाबलं.

गनीभाईंनी सगळं सांगितलं. पंकजाची ड्यूटी बारा तासांची, नवरा सम्राट पुण्याला. ती घराबाहेर पडली की कुत्रं दिवसभर भुंकायचं, दारं ओरबाडायचं. शेजाऱ्यांनी तक्रार केली म्हणून तिने पिंजरा आणला, तर ते पिंजराच चावायला लागलं.

"मी फिरायला आल्तो. आवाज आला म्हनून खिडकीतनं बघितलं, तर तोंड सगळं रक्तानं भरलेलं. एक दात मोडला त्याचा. घरमालक म्हनला, महिनाअखेर गप झालं न्हाई तर कुत्रं तरी काढा न्हाईतर खोली तरी. मग पंकजाला म्हनलं, दे चावी, मी रिकामाच हाय."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तू नमाजी बाई. ह्याची लाळ लागती कपड्यांना, ती नापाक. तू म्हनली असतीस, नका जाऊ. म्हनून दुपारच्या नमाजाआधी आंघोळ करून, कपडे धुऊन..." ते ओशाळले. "साबन जरा जास्त संपला."

मेहताबला वाटलं, आता उठावं, घरी जावं, चूल पेटवावी आणि या आठ दिवसांबद्दल कुणाला एक शब्द सांगू नये. छातीवरचं ओझं उतरलं होतं. ती उठलीही. पण गनीभाई बोलतच होते. हा माणूस एका दमात एवढं बोलतो, हेही तिला नवीन होतं.

"आधी दार उघडंच ठेवायचं. अंडं आत ठेवायचं. आपन होऊन आत गेलं पायजे. मग दार लावायचं, आपन हितंच बसायचं. मग एक मिनिट बाहेर. मग दोन. रडायच्या आत परत यायचं. आल्यावर लाड करायचे न्हाईत, सावकाश दार काढायचं. जनावरांच्या डाक्टरनं सांगितलंय पंकजाला."

"आन जाताना?"

"जाताना 'येतो' म्हनायचं. रोज तोच शब्द. आन म्हनलं की यायचंच. चोरून निघालं ना, मेहताब, तर त्याला वाटतं आपन कायमचे गेलो. मग ते सारखं दाराकडं बघत बसतं. झोपत न्हाई, खात न्हाई. लई हाल हुत्यात गं त्याचे."

मेहताब पुन्हा खुर्चीत बसली. गनीभाई पिंजऱ्यापुढे मांडी घालून बसले होते, अर्धं अंडं बोटांत धरून. त्यांची पाठ तिच्याकडे होती. त्या पाठीकडे ती बघत राहिली. या माणसाला सगळं कळत होतं. कळू शकत होतं. ती इतकी वर्षं समजत आली होती की ट्रकवरच्या माणसाला असलं काही कळत नसतं, त्याचा दोष नाही. दुसरी बाई असती तर तिच्याशी भांडता आलं असतं. कुत्र्याशी काय भांडणार?

"तू आलीस ते बरं झालं," ते वळून म्हणाले. "बाहेरनं मला कळत न्हाई आत काय करतं ते. आज पहिल्यांदा दहा मिनिटं जातो. तू स्वयंपाकघरात बस, दाराच्या फटीतनं बघ. धापा टाकतं का, लाळ गाळतं का, तेवढं सांग."

"मी असले तर ते कशाला रडंल?"

"तुझी ओळख न्हाई त्याला. ते माझ्यासाठी रडतं."

ती स्वयंपाकघरात गेली आणि पाट ओढून त्यावर टेकली. गनीभाईंनी अंडं आत टाकलं, पिंजऱ्याचं दार लावलं, आणि उंबऱ्याशी थांबून म्हणाले, "येतो."

बाहेर कुलूप वाजलं. चपलांचा आवाज लांब गेला.

कुत्र्याने अंडं खाल्लं नाही. ते उभं राहिलं, एकदा जागच्या जागी फिरलं, एक लहानसं कण्हणं काढलं आणि दाराकडे तोंड करून बसलं. कान ताठ. मेहताबही दाराकडेच बघत होती. ओट्यावर पंकजाचं घड्याळ होतं. तीन मिनिटं झाली. चार. मोटारसायकल गेली तसं दोघांनी मान वर केली. पाच मिनिटांनी कुत्र्याने हनुवटी पंजांवर टेकवली. सात मिनिटांनी त्याने अंड्याचा वास घेतला आणि ते खाल्लं. आठव्या मिनिटाला त्याने डोळे मिटले.

मेहताबला डोळे मिटता येईनात. दहा मिनिटं झाली आणि पावलं वाजली नाहीत. तिला ठाऊक होतं की तो कोपऱ्यावरच उभा असेल, अधू डोळ्यांनी मोबाईलमधले आकडे शोधत. तरी तिचा हात पाटाची कड धरून बसला होता. अकरा मिनिटं झाली. खरंच गेला असेल तर, असं तिच्या मनात आलं, आणि आपल्याला हे किती सरावाचं आहे हे कळून तिला स्वतःचीच कीव आली. बत्तीस वर्षांत जे एकदाही मोकळेपणी आलं नव्हतं, ते रडू आता परक्या स्वयंपाकघरात, आवाज न करता, थांबेचना.

कुलूप निघालं. गनीभाई आत आले. कुत्रं उठून उभं राहिलं, शेपूट हलवायला लागलं. शिकवलेलं होतं तसं त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. सावकाश मफलर काढला, खुर्चीवर ठेवला, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून हळूच विचारलं,

"रडलं का?"

मेहताब बाहेर आली. तिने तोंड पुसलं नव्हतं.

"कुत्रं न्हाई रडलं," ती म्हणाली.

गनीभाई तिच्याकडे बघत उभे राहिले. पिंजऱ्यात शेपूट तारांवर आपटत होती, दार उघडायची वेळ झाली होती. ते पिंजऱ्याला वळसा घालून आधी तिच्याकडे आले.