बटणावरचा नगारा

मित्रांनो, मी एक जुना नगारा आहे. पण हाताने वाजणारा नव्हे, बटणावर वाजणारा. लोखंडी चौकटीत एक नगारा, दोन झांजा, एक घंटा आणि खाली मोटार, एवढा माझा देह. डाळजच्या भैरवनाथाच्या देवळात मी चौदा वर्षे नोकरीला आहे. माझ्या कपाळावर 'बापूसाहेबांकडून सप्रेम भेट' असे रंगवले आहे. ती अक्षरे देवाच्या पाटीपेक्षा मोठी आहेत. देवाने कधी तक्रार केली नाही.

मी येण्याआधी आरतीला दोघे नगाऱ्यावर, चौघे झांजांवर आणि बाकीचे टाळ्यांवर असत. मी आलो आणि सगळ्यांचे हात मोकळे झाले. गावाने माझे केवढे कौतुक केले! मलाही ती माझीच कर्तबगारी वाटली.

मग त्या मोकळ्या हातांत मोबाईल आले.

बापूसाहेबांचा नातू यशराज याने इंटरनेटवर 'भैरवनाथ डाळज ऑफिशियल' नावाचे पान उघडले आणि त्यावर आरती लाईव्ह दाखवायला सुरुवात केली. अनऑफिशियल भैरवनाथ कोणता, ते मला अजून कळलेले नाही. लोक अंथरुणातूनच 'जय भैरवनाथ' लिहू लागले. काहीजण तर देवळासमोरच्या पारावर बसून लिहीत. चार पायऱ्या चढत नसत.

गेल्या महिन्यात यशराज रतन गुरवाला म्हणाला, "रतनकाका, ह्याचा खडखडाट लाईव्हला लई घाण येतोय. रविवारी बारामतीची सोनमताई यायचीय. रीलस्टार हाय, सहा लाख फॉलोअर! ह्ये भंगारात घाला, मी स्पीकर आणतो."

देऊळ झाडणाऱ्या द्वारकाबाईंनी झाडू थांबवला. "आन् देवाला किती हायती रं?"

"अकरा हजार, आजी."

"मंग ती आली की देवानंच उठून हुबं ऱ्हायला पायजे!"

रतन म्हणाला, "रविवारी बघू. नीट वाजला तर ऱ्हाईल, न्हायतर न्हे."

तो आठवडा मला चैन पडले नाही. वारा नसताना माझ्या झांजा थरथरत. मोटारीचा पट्टा झिजला होता. मला ठाऊक होते, पण सांगणार कोणाला?

रविवारी सकाळी सोनम आली. मला मोजायची खोड आहे. त्रेसष्ट माणसे जमली, त्यांतल्या अठ्ठावन्न जणांची देवाकडे पाठ होती. कारण देव, सोनम आणि आपण एका फोटोत तसेच मावतो. रतनच्या उजव्या हातात आरतीचे ताट, डाव्या हातात व्हिडिओ कॉल. त्याची लेक लोणी देवकरहून बघत होती.

आणि आरती सुरूच होईना. माझे बटण दाबायला एकही हात मोकळा नव्हता!

"आरं, दाबा की कुणीतरी!"

"तूच दाब, माझं लाईव्ह चालूय!"

शेवटी द्वारकाबाईंनी झाडू काखेत मारला आणि बटण दाबले. मी जीव तोडून वाजलो. पहिले कडवे तरुणपणासारखे गेले. दुसऱ्याला पट्टा तुटला.

एकदम शांतता. तेव्हा उघडे पडले की माझ्या आवाजाखाली सगळे इतकी वर्षे नुसते ओठ हलवत होते. पुढचे शब्द कोणालाच येईनात.

सोनमने आपला मोबाईल यशराजच्या हातात कोंबला. "धरा जरा. माझ्या आज्जीनं घोकून घेतलीया." आणि टाळ्या वाजवत तिने दुसरे कडवे उचलले. मित्रांनो, तिच्याविषयी मी मनात जे जे बोललो होतो, ते तिथेच गिळले.

द्वारकाबाई ओरडल्या, "बघताय काय? हाताला मेंदी लावलीया व्हय?"

एकेक मोबाईल खिशात गेला. यशराजनेही आपला आणि सोनमचा असे दोन्ही मोबाईल खिशात घातले आणि तो टाळ्या पिटू लागला. त्याचे लाईव्ह बंद करायचे राहिले. एकोणीसशे लोकांनी त्याच्या खिशातला अंधार पाहिला. एकाने लिहिले, 'खूप सुंदर दर्शन झाले.'

आरतीनंतर रतन माझ्याजवळ बसला. आता भंगार, असे मी धरून चाललो. पण यशराजच हळूच म्हणाला, "काका, त्यो स्पीकर नगं आता."

"ह्याला पट्टा टाकू," रतन म्हणाला. "आडदिवशी मी आन् द्वारकाबाई दोघंच असतो, तवा वाजंल. रविवारी ह्याला सुट्टी."

तेव्हा मित्रांनो, आम्हा यंत्रांना तेलपाणी करा, पट्टा वेळेवर बदला, एवढेच मागणे आहे. आणि रविवारी डाळजला आलात, तर माझ्या बटणाकडे धावू नका. द्वारकाबाईंनी माझ्या डोक्यावर एक टोपली ठेवली आहे. आरतीपुरते मोबाईल तिच्यात ठेवायचे. ते आत सारखे थरथरतात, आपल्याला कोणी का उचलत नाही म्हणून. मी त्यांना सांगतो, जरा दम धरा. मलाही हे शिकायला चौदा वर्षे लागली.