उमापूरची चालती गाडी

चौसाळ्यात हमरस्त्याला लागून मल्लिनाथचं हार्डवेअरचं दुकान होतं. त्या दुकानामागे जे काही होतं त्याला मल्लिनाथ वर्कशॉप म्हणायचा आणि त्याची बायको ईश्वरी भंगार म्हणायची. गावातले लोक समोर दोघांपैकी कोण आहे ते बघून शब्द वापरायचे. तिथं केजवरून आणलेली एक फियाट होती, तिला चाकं नव्हती. पाटोद्याची एक जीप होती, तिच्या तळातून बाभळीचं रोप वर आलं होतं आणि ते उपटायचं रोज राहून जात होतं. ईश्वरी उन्हाळ्यात फियाटच्या बॉनेटवर कापड टाकून कुरडया वाळत घालायची. "एवढ्या वर्षांत हिचा एवढाच उपयोग झाला," असं पाहुण्यांना सांगायची, आणि पाहुण्यांच्या बरोबरीनं मल्लिनाथही हसायचा.

माणूस वाईट नव्हता. दुकान नेटानं चालवायचा, दारूचा थेंब नाही, पत्त्यांचा नाद नाही. फक्त कुठे जुनी गाडी धूळ खात पडलेली दिसली की याचा पाय तिथून निघत नसे. गाडी घ्यायची, घरी आणायची, धुऊन पुसून फोटो काढायचे आणि मोबाईलवरच्या हौशी मंडळींच्या ग्रुपवर टाकायचे. वाहवा व्हायची. इथवर सगळं झकास जमायचं. मग गाडी उघडायची वेळ यायची. उघडलेली गाडी पुन्हा जोडून रस्त्यावर आली, असं मात्र एकदाही घडलं नव्हतं.

गेल्या साली तो एका साखरपुड्याला उमापूरला गेला होता. जेवणं झाल्यावर पाय मोकळे करायला निघाला, तर एका गोठ्याशेजारून इंजिनाचा आवाज आला. दोनदा ठसकलं, बंद पडतंय की काय असं वाटलं, आणि मग संथ लयीत धरलं. मल्लिनाथ जागच्या जागी थबकला. पत्र्याच्या आडोशाला दुधी रंगाची अँबॅसेडर उभी होती आणि तिच्या पुढ्यात धोतर-टोपीतला एक उंच म्हातारा, हातात लोखंडी हँडल घेऊन, धापा टाकत होता.

तेवढ्यात घराच्या खिडकीतून बाईचा आवाज आला, "निघाले का?"

"न्हाई! हायच हितं!" म्हातारा ओरडला आणि मल्लिनाथकडे बघून हसला.

म्हाताऱ्याचं नाव आश्रुबा, सगळे आबा म्हणायचे. एके काळी गावचे सरपंच. त्या गाडीनं गावातल्या निम्म्या नवऱ्या सासरी पोचवल्या होत्या आणि अडलेल्या बायका दवाखान्यात नेल्या होत्या. आता आबांना नीट दिसत नव्हतं म्हणून गाडी जागेवरच होती, पण दर बाजारच्या दिवशी ते हँडल मारून ती चालू करायचे. बॅटरी कधीच मेली होती. चालू करायची ती बायकोसाठी, खिडकीतल्या केशरबाईंसाठी. त्यांची एक बाजू लकव्यानं गेलेली, बाजेवरून उठता येत नव्हतं. गाडीचा आवाज आला की "निघाले का" विचारायचं आणि आबांनी "हायच" म्हणायचं, असा त्या दोघांचा खेळ होता.

"पोरं म्हणत्यात, भंगारात घाला," आबा सांगू लागले. "ट्रॅक्टर उभा करायला जागा पायजे त्यान्ला. भंगारवाला बघून बी गेला. पण चालती गाडी हाय हो. चालती गाडी कावून मोडायची?"

मल्लिनाथ तर विरघळलाच. गाडी मी घेतो म्हणाला. तेव्हा आबांनी त्याला बाजूला घेतलं.

"पैशाचं काय बी करा, शेट. माझं येकच ऐका. हिचं माहेर माजलगावच्या धरणात गेलंय. पाणी आलं त्या साली याच गाडीतून नेलतं तिला, कडंला उभं ऱ्हाऊन बघायला. आता म्हणती, येकदा आजून बघायचं. पोरांच्या उंच गाडीत तिला चढवता येत न्हाई. हिच्या मागच्या शिटावर ती निजून जाती. टायर गेलेत, ब्रेक लागत न्हाई. तेवढं करा आन येकदा आमाला नेऊन आणा. मग गाडी तुमची."

"आबा, महिन्याभरात आणतो," मल्लिनाथ छातीवर हात ठेवून म्हणाला. "नुसती दुरुस्त नाही, नवरीसारखी करून आणतो."

"नवरी नगं बाबा," खिडकीतून केशरबाई म्हणाल्या. "हाय तशीच आणा."

सगळे हसले. मल्लिनाथ सगळ्यात मोठ्यानं हसला.

टेंपो आणि नवी बॅटरी घेऊन तो पुन्हा गेला, तेव्हा गाडी फळ्यांवरून स्वतःच्या दमानं टेंपोत चढली. चौसाळ्याला उतरली तीही स्वतःच. ईश्वरीनं चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटला हळदीकुंकू लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या गाडीचं कौतुक केलं. "ही तर चालती हो! आता असं करा, टायर-ब्रेकचं तेवढं बघा आणि आधी त्या म्हातारीला धरण दाखवून या. मग काय उघडायचं ते उघडा."

दोन दिवस मल्लिनाथचाही तोच विचार होता. मग त्यानं गाडी जॅकवर चढवून खाली टॉर्च मारला. तळ गंजला होता. दाराच्या कडेचा रंग नखानं खरवडला तर खाली आणखी एक रंग निघाला. त्यानं फोटो टाकले आणि ग्रुपवर एकच गलका झाला. अशी गाडी नशिबानं मिळते, अर्धवट काम करू नका, पूर्ण उघडा, मूळच्या रंगात आणा. कोणीतरी परदेशातल्या गाडीचा फोटो पाठवला, तिच्यात तोंड दिसत होतं. मल्लिनाथला वाटलं, म्हातारीला न्यायचं तर अशा गाडीतून न्यायचं. केवढी हरखेल! त्याला हे खरोखर वाटलं, हे सांगितलं पाहिजे. लबाडी त्याच्या मनात नव्हती. नुसती लबाडी असती तर तो टायर बदलून मोकळा झाला असता.

त्यानं इंजिन उतरवलं. दारं काढली, शिटं काढली, काचा गोधडीत गुंडाळून माळ्यावर ठेवल्या. इंजिनाचं काम बीडला दिलं, तिथल्या मिस्त्रीनं ते दुसऱ्याकडे सरकवलं. मागवलेला सुटा भाग आला तो दुसऱ्याच गाडीचा. परत पाठवला, तोवर दुकानात सीझन सुरू झाला. शेडमध्ये ठोकळ्यांवर नुसता सांगाडा उरला. मागची लांबलचक शीट कडुलिंबाखाली पडली होती, तिच्यावर गिऱ्हाइकं बसायची.

आबांचा फोन यायचा. "कुठवर आलं, शेट?"

"होत आली आबा. आता आठ-पंधरा दिवस."

पोळा झाला, दसरा झाला. आठ-पंधरा दिवस काही संपेनात. ईश्वरी सुरुवातीला बोलली, मग भांडली, मग नुसती बघू लागली. आबांचा नंबर दिसला की मल्लिनाथ मोबाईल घेऊन रस्त्यापर्यंत जायचा, आणि ते तिला दिसायचं. एकदा मात्र तिनं सुनावलंच. "गाडी होत नसेल तर दुसरी भाड्यानं बघा. बसकी, मागं झोपता येईल अशी. त्यांना धरण बघायचंय, तुमची गाडी नाही बघायची."

किती साधी गोष्ट होती. पण तसं केलं तर गाडी झाली नाही हे आबांना सांगावं लागणार होतं. मल्लिनाथनं ते टाळलं. त्या टाळण्याची त्याला आजही शरम वाटते, आणि वाटायलाच पाहिजे.

दिवाळीनंतर तो कामानं बीडच्या एका गॅरेजमध्ये उभा असताना आबांचा फोन आला. आवाज खोल गेला होता. "शेट, हिची तब्येत बरी न्हाई. सारखी गाडीचं इचारती. आणायला जमत नसंल तर ऱ्हाऊ द्या. नुसता आवाज तरी ऐकवा तिला."

समोरच एक अँबॅसेडर उभी होती. कुणाची तरी, भाड्यावर चालणारी, चांगली ठणठणीत. मल्लिनाथनं क्षणभरही विचार केला नाही. ड्रायव्हरला खूण केली, फोन बॉनेटपाशी धरला. गाडी चावी फिरवताच चालू झाली आणि छान घुमू लागली.

पलीकडे काहीतरी कुजबुज झाली. मग अगदी बारीक असा केशरबाईंचा आवाज आला, "निघाले का?"

"बरं, शेट," एवढंच आबा म्हणाले आणि फोन बंद झाला.

मल्लिनाथला सुटल्यासारखं वाटलं. येताना त्यानं ईश्वरीसाठी पेढे आणले. कशाचे म्हणून तिनं विचारलं तर "सहज" म्हणाला.

त्यानंतर आबांचा फोन आला नाही. आधी मल्लिनाथला त्याचं बरं वाटलं, मग चुकल्यासारखं वाटू लागलं. रोज ठरवायचा की आज आपण करू, आणि रोज गाडीचं काहीतरी काम झाल्यावर करू म्हणायचा.

उन्हं तापायला लागली. ईश्वरी फियाटवर कुरडया घालत होती, तेव्हा रस्त्यावर यष्टी थांबली आणि आबा उतरले. काखेत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. मल्लिनाथ दुकानातून धावत बाहेर आला.

"आबा! फोन करायचा, मीच आलो असतो की."

"फोनवर लई झालं बोलणं," आबा म्हणाले. "गाडी कुटं हाय?"

दाखवण्यावाचून इलाज नव्हता. आबा शेडमध्ये शिरले. डोळ्यांनी धड दिसत नव्हतं म्हणून हातानं चाचपत गेले. दार असायचं तिथं हात आत गेला. पुढे इंजिनाच्या जागी गेला, तिथंही आरपार गेला. मल्लिनाथ मागे मागे होता.

"हिच्या अंगात काय बी ठिवलं न्हाई की रं," आबा म्हणाले. शेटचा रं झाला होता. "टायर आन बिरेक म्हणलतो मी."

"तळ गंजला होता आबा. नीट करायची म्हणलं तर..."

"हं."

ते बाहेर आले आणि लिंबाखालच्या शिटावर बसले. शेजारची जागा तळहातानं झटकली. ईश्वरी पाणी घेऊन आली, तिनंच विचारलं, "काकू बऱ्या आहेत ना?"

"गेली, पोरी. सक्रांतीच्या आदी."

ईश्वरीनं तांब्या त्यांच्या हातात दिला.  मल्लिनाथ पुटपुटला, "आबा, मला कळवलं का नाही?"

 आबा पाणी प्यायले, त्यांनी मिशा पुसल्या.

"तू त्या दिशी फोनवर गाडी ऐकवलीस. ती आपली नव्हती."

ईश्वरीनं नवऱ्याकडे बघितलं. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"आपली दोनदा ठसकती, मंग धरती," आबा सांगत होते. आवाजात राग नव्हता. राग असता तर मल्लिनाथला सोसला असता. "ती येका दमात चालू झाली. हिच्या कानाला लावलता फोन. तिनं माझ्याकडं बघितलं. जल्मभर ऐकलेला आवाज, तिला काय कळत न्हाई? पण म्या म्हणलं, आपलीच हाय. शेटनं दुरुस्त केली न्हवं, आता ठसकत न्हाई. मग पटलं तिला."

"आबा..."

"मग म्हणली, माझं हिरवं लुगडं काढून ठिवा. जायच्या दिशी धांदल नगं. उशाशी घिऊन निजायची. कोण बी आलं की सांगायची, गाडी झालीया, आमी धरणावर जाणार हाव." आबांनी टोपी सारखी केली. "तेच नेसवलं तिला."

ईश्वरी पदर तोंडाला लावून आत निघून गेली. मल्लिनाथला वाटलं, आबांनी चारचौघांत दोन मुस्काटात द्याव्यात. त्याला ती गाडी फळ्यांवरून चढताना दिसली, आणि खिडकीतून म्हातारीनं म्हटलेलं ऐकू आलं, हाय तशीच आणा. तेव्हा तो सगळ्यात मोठ्यानं हसला होता.

आबांनी पोतं सोडलं. आत हँडल होतं, तेल लावून पुसलेलं.

"हे खुंटीलाच ऱ्हायलं होतं. गाडीची वस्तू गाडीपाशी असावी. घरात दिसली की बाजारच्या दिशी हात जातो नुसता."

मल्लिनाथनं दोन्ही हातांनी हँडल घेतलं आणि त्याच्या तोंडून भराभर शब्द बाहेर पडू लागले. "आबा, मी आजपासून माणसं लावतो. आठ-पंधरा दिवसांत जोडतो. तुमच्या गळ्याची शपथ. तुम्हाला मी स्वतः नेतो धरणावर, याच गाडीतून..."

बोलता बोलता त्याला स्वतःचेच शब्द ओळखू आले आणि तो गप्प झाला.

आबा उठले. त्यांनी मल्लिनाथच्या खांद्यावर हात ठेवला, आधारासाठी की मायेनं ते कळलं नाही.

"न्हाई लेका. तुझ्या मनासारखी होऊ दे. सावकाश कर," ते म्हणाले. "आता काय बी घाई न्हाई."

वर्षभर मल्लिनाथला हेच एक वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.