बँकॉकचा वानवळा

ती होडी कोयत्याच्या पात्याला चिकटून बसली होती. बोटभर होडी, तिच्यात तिळाएवढी फळं, फळांमागे सुपासारखी टोपी घातलेली एक बाई — आणि त्या बाईचं तोंड रंगवताना ठिपका जरा घसरलेला, त्यामुळे ती सदा भलतीकडेच बघून हसल्यासारखी... पुतळी चुलीपुढे बसून तिच्याकडे बघत राहिली. असलं चुंबक फ्रिजला लावायचं असतं म्हणे. आता बाजारकुणंगच्या या एवढ्याशा वाडीत फ्रिज आणायचा कुठून? म्हणून म्हादूने, तिच्या नवऱ्याने, ते आपल्या कोयत्याला लावलं होतं. रानात जाताना काढून पत्र्याच्या पेटीवर ठेवायचा, परतला की पुन्हा पात्यावर. आज तो कोयता न घेताच गेला होता.

“आक्का, ही तुझी आठवण,” असं म्हणून मयूरीने, तिच्या बहिणीने, ते हातात ठेवलं होतं. आठवण! जी होडी बघितलीच नाही तिची आठवण कसली डोंबलाची, हा प्रश्न पुतळीला महिनाभर पडला नव्हता. आज सकाळपर्यंत पडला नव्हता. आज सकाळी ती टेकाडावर गेली — वाडीत फोन लागतो तो तिथेच, फणसाच्या बुंध्याशी — आणि फोन वाजला. मयूरीची मैत्रीण श्वेता, रामनगरची, बँकॉकच्या सहलीला बरोबर होती तीच. पोरगी मनाने चांगली. चांगुलपणानेच बोलली सगळं.

“आक्का, उन्हाळ्यात आमी सिंगापूरला चाललोय. तुमी येताव न्हवं? तुमच्या आमटीबिगर आमचं जमतच न्हाई बघा. मयूरीनं पयल्याच दिवशी सांगितलं हुतं — हाटेलात खाऊन पैसे कशाला घालवायचे, माझ्या आक्काला घेऊया, तिचं तिकीट धरून बी स्वस्तच पडतंय. आनि ती काय भायेर हिंडायला मागायची न्हाई. किती हुशार न्हवं तुमची भैन?”

“व्हय की,” पुतळी म्हणाली होती. “हुशारच हाय ती.”

चहा उतू गेला. जाऊ दे मेला. तिने भांडं उतरवलं, पदराने हात पुसला आणि तो हात तसाच गुडघ्यावर राहिला. गुडघा... बँकॉकच्या पहिल्या संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत चिमीने स्वतःच्या हाताने तिच्या गुडघ्यांना मलम चोळलं होतं. चिमी म्हणजे मयूरीच; पुतळी तिला मनात कधी मयूरी म्हणतच नव्हती. सतरा वर्षांनी धाकटी बहीण. आई गेली तेव्हा दीड वर्षाची होती, आणि पुतळी या घरात लग्न होऊन आली ती तिला कडेवर घेऊनच. म्हादूने कधी हूं की चूं केलं नाही. “किती सुजलेत गे आक्का, आज नको चालूस तू,” चिमी म्हणाली होती, आणि मलमाचा तो गार वास, तिची ती मऊ बोटं — पुतळीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं तेव्हा. बाई गं, एवढ्या लांब आणून पोर पाय चेपते! मग ती आठजणं, चार जोडपी, खाली उतरली आणि रात्रीचं शहर बघायला गेली.

ते मलम खरं होतं की नव्हतं? एवढंच कुणी सांगावं. बाकी सगळं सोसेन मी. पण ती बोटं गुडघ्यावर फिरत होती तेव्हा पोरीच्या मनात काय होतं — माया होती, की घड्याळ बघत होती ती?

आणि आपण तरी केवढ्या शहाण्या! तांदूळ घे, आक्का, म्हणाली. घेतले, घरचे तांबडे. कुळीथ घे, आमसुलं घे. घेतली. “तिथं कोन हाय गे आपलं?” असं विचारलं तर हसली नुसती, “घे तर खरं.” कुणाच्या गावाला मोकळ्या हाताने जाऊ नये, वानवळा न्यावा, एवढंच पुतळीला ठाऊक. असेल कुणी सागरच्या, चिमीच्या नवऱ्याच्या, ओळखीचं, जावईबापूंच्या दुकानदारीत ओळखी काय थोड्या असतात? म्हणून तिने आपल्या मनाने दोन मुडल्याही घातल्या, हातभर लांब, परसातल्या कंदांतल्या निवडून. शेजारच्या फुलाने कोकमाची बाटली दिली, सुंदरीने कुंकू लावलं, अख्खी वाडी रस्त्यापर्यंत आली. विमानात बसणारी वाडीतली पहिली बाई! आणि तिच्या पिशवीत कपड्यांखाली चिमीने सरकवलेला विजेचा कुकर — तो तिने बघितलासुद्धा होता. वाटलं, कुणाला तरी भेट द्यायचा असेल.

तिथे खोलीतच रोज सकाळी आठ डबे. मग भांडी, न्हाणीतल्या पांढऱ्याशुभ्र बेसिनमध्ये. संध्याकाळी भात-आमटी, पण फोडणी नाही — “फोडनी घालू नको गे, वास जातोय भायेर” — आणि दाराच्या फटीला ओला टॉवेल. जन्मात पहिल्यांदा तिने बिनफोडणीची आमटी केली आणि लाजेने मान वर केली नाही. ते खाली गाड्यावरचं काहीबाही चाखून यायचे आणि वर येऊन तिचा भात ओरपायचे. कुणी दार वाजवलं तर उघडू नको, असंही सांगितलं होतं. बाहेर जाऊ नको, दार आपोआप लागतं, मग आत यायला मिळायचं नाही. नदीतल्या बोटीची तिकिटं आठच मिळाली. बाजारात लई गर्दी, हरवशील. शेवटच्या दिवशी नाचगाण्याचं ठिकाण होतं, ते तुला बघवायचं नाही, आक्का. दर वेळी पुतळीच म्हणाली, “असूं दे गे, तुमी जावा.” म्हणाली म्हणजे काय, मनापासून म्हणाली! चिमीचं तोंड पडलेलं तिला बघवत नसे. आता कळतंय, ते पडलेलं तोंड घरूनच तयार करून आणलं होतं.

मुडल्यांची पाटी घेऊन ती अंगणात आली. परवा जोयड्याला कंदांचा मेळा. माती खरवडून, मुळं छाटून सगळं तयार ठेवायचं होतं. ऊन चांगलं तापलं होतं. पहिली मुडली हातात घेतली आणि तिला ती खिडकी आठवली — न उघडणारी, तिसऱ्या मजल्यावरची. खाली गल्लीत एक बाई गाडा लावायची. चारही रात्री पुतळी तिच्याकडे बघत उभी राहिली होती. कढईतून काहीतरी काढायची, पिशवीत भरायची, गिऱ्हाईक नसलं की एक पाय दुसऱ्या पायावर घासायची, अगदी आपल्यासारखी. तिसऱ्या रात्री तिने वर बघितलं. पुतळीला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने पिशवीतली मुडली काढून काचेला लावून दाखवली — कुणाला तरी दाखवायला हवीच होती, वानवळा होता तो. ती बाई खळखळून हसली आणि तिनेही आपल्या टोपलीतला कसलासा कंद उचलून दाखवला... हे पुतळीने कुणालाच सांगितलं नव्हतं. चिमीलाही नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

वाडीत सांगायची ते वेगळंच. नदीचं सांगायची, पाण्यात थरथरणाऱ्या दिव्यांचं, सोन्याच्या देवळाचं, रस्त्यावरच बसून जेवणाऱ्या माणसांचं. रात्री परतल्यावर चिमी पलंगाच्या कडेला बसायची, अंगाला तळलेल्या लसणीचा वास, आणि हातवारे करून सगळं सांगायची, आणि पुतळी भात वाढता वाढता ते बघायची. अगदी बघायचीच. खोटं बोलतो आहोत असं वाडीत सांगताना तिला एकदाही वाटलं नाही, कारण असं तिने पूर्वीही बघितलं होतं. उळवीच्या जत्रेत. चिमी चार वर्षांची. रानातून चालत गेलेल्या दोघी, पोर सगळी वाट खांद्यावर. रथ निघाला तेव्हा ही गर्दी, पुतळीपुढे नुसत्या पाठी आणि डोकी, आणि वरून चिमी ओरडते आहे, “आक्का, रथ आला! आक्का, केळी मारतायत रथावर! आक्का, हलला गे, हलला!” पुतळीने रथ बघितला तो असा, त्या पोरीच्या तोंडून. वर्षानुवर्षं ती सांगत आली, मी उळवीचा रथ बघितला. कोण म्हणेल खोटं आहे म्हणून?

मग तेव्हा असं लागलं नाही ते का?

तेव्हा पोर खांद्यावर होती म्हणून. तिच्या टाचा माझ्या छातीवर आपटत होत्या, आणि माझे पाय त्याच धुळीत होते. मीच तिला उंच धरली होती... आणि हिने मला कोंडून ठेवलं, फटीला टॉवेल लावून! ती काय बाहेर हिंडायला मागायची नाही — हे तिला कुणी सांगितलं? मी कधी काही मागितलं नाही, ते मला नको होतं म्हणून? तुला पुरावं म्हणून मागितलं नाही गे, चांडाळणी!

“कुनाला शिव्या घालतीस?” सुंदरी फाटकातून आत येत होती, मागे फुला, दोघींच्या हातात विळे. कंद साफ करायला एकमेकींच्या अंगणात बसायचं, हे दरवर्षीचंच.

“माझ्या गुडघ्यास्नी,” पुतळी म्हणाली.

बसल्या. माती झडू लागली. थोडा वेळ गेला आणि सुंदरीने विळा खाली ठेवला, म्हणजे आता ती विचारणार. “पुतळे, त्या बोटीचं सांग की गे. फुलाच्या सुनेनं ऐकलं न्हाई अजून, तिला सांगायचं हाय म्हनं.”

आता सांगून टाकावं. बोट नव्हती, नदी नव्हती, तुम्ही जिला रस्त्यापर्यंत पोहोचवायला आलात ती एक स्वयंपाकीण होती. दोन वाक्यांचं काम. पण ते सांगितलं की उद्या वाडी पोरीला नावं ठेवणार, आणि चिमीला कुणी नावं ठेवलेली आजवर तिने... तिने मुडली उचलली. आणि सांगू लागली. पाणी काळं, त्यात दिवे, दिव्यांत पुन्हा पाणी — शब्द नेहमीचेच होते, पण आज तिला ते ऐकू येत होते, आणि ते चिमीचे होते, चिमीच्या हेलात, हातवाऱ्यांसकट. आपल्या तोंडात तिचा आवाज घोळतो आहे हे कळूनही तिला थांबता येईना.

“आनि मयूरी?” फुलाने विचारलं. “ती हुती न्हवं बोटीत, तुझ्यासंगट?”

कोयत्यावरची होडी दारातून दिसत होती. ती बाई भलतीकडे बघून हसत होती.

“हुती की,” पुतळी म्हणाली, “माझ्यासंगटच हुती.”

महिनाभर ती नदी सांगत होती, दिवे सांगत होती, आणि त्यातलं काहीच तिला खोटं वाटलं नव्हतं. एवढंच एक वाक्य खोटं वाटलं. तिने उजवा खांदा चोळला. पंचवीस वर्षं तिथे कुणीतरी बसलेलं होतं, टाचा आपटत, आणि ते ओझं आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

“दुखतोय व्हय?” सुंदरीने विचारलं.

“न्हाई,” ती म्हणाली. “हलका लागतोय.”

आणि तिने पुढची मुडली उचलली. सिंगापूरचं काय ते सांगायला मयूरीला फोन करायला हवा, असं तिच्या मनात आलं. आणि मनातसुद्धा ते नाव मयूरी असंच आलं, चिमी असं नाही.