सातजणींची साखळी

नागावात धर्माच्या दुकानावर एक खोली आहे. तिथे मी मुलींना कॉम्प्युटरवर चित्रं करायला शिकवते. खोली धर्माची, कॉम्प्युटर माझा. शाळेत असताना मी याच धर्माला पाढे शिकवले होते, म्हणून खोली मागितली तेव्हा त्याला नाही म्हणवलं नाही.

त्या सकाळी एकावर एक येणारी चित्रं कशी मांडायची, ते चाललं होतं. "जे शेवटी काढाल ते वर बसतं," मी सांगितलं. "खालचं पुसलं जात नाही, नुसतं झाकलं जातं. ते वर हवं असेल तर निवडायचं आणि 'सर्वांत पुढे'वर क्लिक करायचं."

"म्हणजे आईच्या पाटीतले बांगडे, बाई," कल्पिता म्हणाली. "ताजे वर, कालचे खाली."

"आमच्याकडे खालचे येतात वाटतं!" सिदरा म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

कल्पिता याच मुलींच्या कबड्डी संघाची कप्तान. संघ तालुक्यात पहिला आला होता. संध्याकाळी सत्कार होता, आणि नाक्यावर लागणारा बॅनर मुलींनी स्वतः केला होता. बारा वाजता फाईल छापायला जायची होती. नाक्यावर बॅनर कायमचेच, पण गावातल्या मुलीचा फोटो त्यावर आजवर लागला नव्हता.

अकराला धर्मा वर आला. छपाईचा खर्च तो करणार होता. स्क्रीनवर सातजणी, आणि कोपऱ्यात पासपोर्टएवढा धर्मा.

"ह्यो माझा फोटू? उंदरावानी दिसतंय."

त्याने माऊस घेतला, आपला फोटो ओढून मोठा केला आणि सर्वांत पुढे आणला. त्याच्या पांढऱ्या शर्टामागे मुली गडप झाल्या. सिदराचा एक बूट तेवढा उरला.

"आता किशोरीला माझ्या बाजूला घेऊ. पुतणी हाय माझी."

बाजूच्या फोटोंच्या यादीतून आपण किशोरी निवडली असं त्याला वाटलं. 'सर्वांत पुढे' केलं. सातहीजणी पुढे आल्या, थेट त्याच्या छातीवर. मागे धाडल्या तर सातही गेल्या. असं तीनदा झालं.

"हे काय लफडं हाय, बाई?"

"सातही फोटो एकत्र बांधलेत. एकीला हलवलं की सगळ्या हलतात."

"सोडवता येत न्हाय?"

"येतं. एका बटणाचं काम आहे."

"मग दाबा की."

"नाही दाबणार."

धर्माने माझ्याकडे पाहिलं. "खोली कुणाची हाय, बाई?"

"तुझी. मुली तुझ्या नाहीत."

"बांधलं कुणी हे?" तो कल्पिताकडे वळला. पण मागच्या बाकावरून किशोरी उठली.

"मी बांधलं, काका. पकड करताना आम्ही हात धरून साखळी करतो. तशीच फायनल जिंकलो. मला एकटीला पुढे घ्यायचं असेल तर माझा फोटोच काढून टाका."

"मग माझाच काढा ना!" धर्मा ओरडला.

कल्पिताने माऊस हातात घेतला. फार अदबीने विचारलं, "काका, काढून टाकू, की सर्वांत मागे ठेवू?"

कुणीच हसलं नाही, हे विशेष. धर्माने घड्याळ पाहिलं, मिशी चोळली. "मागं राहू दे," तो म्हणाला. जिन्यावरून त्याचा आवाज आला, "उद्या खोली खाली करा, बाई!"

संध्याकाळी नाक्यावरच्या बॅनरवर सातजणी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. संघातली आफरा आणि किशोरी यांच्या खांद्यांमधून धर्माचा एक डोळा आणि अर्धी मिशी दिसत होती. लोक थांबून मुलींची नावं मोठ्याने वाचत होते.

दुसऱ्या दिवशी मुलींनी माझा कॉम्प्युटर खाली उतरवला. एकीकडे स्क्रीन, एकीकडे कीबोर्ड, वायरी किशोरीच्या गळ्यात. दुकानासमोरूनच नेला, मागच्या गल्लीने नाही. आता वर्ग माझ्या ओटीवर भरतो.

पुढच्या महिन्यात जिल्ह्याचे सामने आहेत. बॅनरची फाईल तयार आहे. या वेळी धर्मा मागेसुद्धा नाही.