चहाच्या वेळी रडणारा देवदूत

"दम्याचा हा रोज ओढायचा तपकिरी पंप बंद केला, तर त्याच दिवशी काही होत नाही. खरी भीती तीच आहे," दवाखान्यातल्या नर्सने आयव्ही पेनिफोल्डबाईंना बजावलं. मग हेझेलकडे वळून म्हणाली, "तू शेजारीच राहतेस ना? घेतायत की नाही, ते अधूनमधून बघत जा."

"मी काय यांची सासू आहे?" हेझेल हसत म्हणाली. आयव्हीबाईही हसल्या आणि हसता हसता खोकल्या. हेझेल वाचनालयात कामाला जायची तेव्हा तिची तान्ही टिली त्या सांभाळत. अशा माणसाचं औषध तपासायचं म्हणजे आगाऊपणाच, असं हेझेलला वाटलं.

हिवाळा उतरणीला लागला आणि लोअर फेनिंग खेड्याच्या टेकडीवरचा दगडी देवदूत रडायला लागला.

मार्केट विडरिंग गावात मोठं चर्च आहे आणि आसपासच्या प्रत्येक खेड्यात एकेक जुनं. या सगळ्यांना मिळून पाद्री एकच. तो बिचारा गाडी दामटत आज इथे, उद्या तिथे. त्यामुळे फेनिंगचं सेंट ऑझिथ चॅपेल, म्हणजे टेकडीवरचं छोटं चर्च, वर्षानुवर्षं वटवाघळांच्या ताब्यात होतं. आता मात्र दर रविवारी मेंढ्यांच्या कुरणात गाड्या लावायला जागा पुरेना. कारण तिथे ब्रदर सिप्रियन नावाचे कुणी ख्रिस्ती साधू अवतरले होते. अंगात करडा झगा, पायांत चपला आणि आवाजात भरपूर तूप.

"रडतोय! तुमच्यासाठी रडतोय!" ब्रदर गरजले. "दम्याला एक थेंब, संधिवाताला दोन. काय म्हणालात बाई, जावयाचा स्वभाव? त्याला वेळ लागेल!"

गर्दी खुदखुदली. भिंतीतल्या चुनखडीच्या देवदूताच्या गालांवरून खरोखरच पाणी ओघळत होतं. टिलीला छातीशी बांधून आलेली हेझेलही क्षणभर बघतच राहिली. मग तिला दिसेनासं झालं, कारण तिच्या चष्म्यावर धुकं आलं होतं.

तिने चष्मा पुसला. चॅपेल बर्फासारखं गार. शेगडी लावायची नाही, देवदूताला ऊब सोसत नाही, असा ब्रदरचा दंडक होता. प्रार्थनेआधी चहा मात्र हवाच. "रिकाम्या पोटी श्रद्धा रुजत नाही!" असं म्हणत चहा करणाऱ्या डॉरीनबाई पाणी उकळायचा विजेचा भला मोठा बंब बरोबर देवदूताच्या पायाशी लावत. बंब खदखदू लागला की वाफ सरळ वर जाई.

त्या पायांशीच लोकांनी वाहिलेल्या वस्तूंचा ढीग होता. काठ्या, गुडघ्याचे पट्टे, चष्मे आणि एक तपकिरी पंप. त्यावरच्या चिठ्ठीवर नाव होतं आयव्ही पेनिफोल्ड.

"हे काय, आयव्हीबाई?"

"अगं, औषध जवळ ठेवणं म्हणजे देवदूताचा अपमान, ब्रदर म्हणाले." टेकडी चढून आलेल्या बाईंचा श्वास अजून जागेवर नव्हता. "गुलाब छाटले तेव्हापासून, म्हणजे कितीतरी आठवडे घेतला नाही. आणि बघ, काही झालं का?"

हेझेलला नर्सचे शब्द आठवले. आणि या बाईंच्याच कडेवर टिली रोज जिना चढत-उतरत होती.

"परत घ्या तो. माझ्यासाठी."

"देवदूत रडायचा थांबला तर घेईन. तोवर नाही. आणि उगाच तमाशा करू नकोस, पोरी."

तमाशा नको! सगळं गाव त्यावरच तर अडलं होतं. चॅपेलला आग लागली असती, तरी ही मंडळी आधी "माफ करा हं" म्हणाली असती. ब्रदरना प्रश्न विचारायचा कोणी? असभ्यपणा झाला असता ना!

तो आठवडाभर हेझेल सुट्टी घेऊन घरीच राहिली. दोन्ही घरांना भिंत एकच. भिंतीला कान लावला की पलीकडून आयव्हीबाईंच्या छातीची शिट्टी ऐकू यायची.

पुढच्या रविवारी ती लवकर निघाली आणि डॉरीनबाईंना वाटेतच गाठून आज बंब लावू नका, असं विनवलं. चॅपेलमध्ये त्या दिवशी चहा आला तो थर्मासमधून. लोक आले, चहा प्याले, बिस्किटं बुडवून झाली.

"बंब कुठाय?" ब्रदरनी विचारलं.

"आहे की, बंद आहे. चहा घरून आणला," हेझेल म्हणाली. "का हो? प्रार्थना सुरू करा ना."

"थर्मासचा चहा? देवदूताला चालत नाही!"

"अय्या, देवदूतही चहा पितो?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. ब्रदरनी प्रार्थना केली, मोठ्याने केली, लॅटिन वाटेल अशा कशात तरी केली. देवदूताचे डोळे कोरडे ठणठणीत.

मग हेझेलने बंब लावला. घरून आणलेल्या बर्फाच्या पेटीतून दुधाचा जग काढला आणि देवदूताच्या शेजारी कोनाड्यात ठेवला. वाफ वर चढली. थोड्याच वेळात देवदूत रडू लागला. आणि दुधाचा जगही.

"देवदूताला आपलं दुःख होतं म्हणे. या दुधाच्या जगाला कोणाचं होतंय?" ती म्हणाली. "गार वस्तूला लागली की वाफेचं पाणी होतं. खडबडीत चुनखडी ते पिऊन टाकते. पण हा चेहरा..." तिने देवदूताच्या गालावर नख ओढलं. नखात पांढरं मेण आलं. "चेहऱ्याला मेण चोळलंय. म्हणून पाणी मुरत नाही, ओघळतं."

"पाखंड!" ब्रदर ओरडले.

"थांब रे, आत्ता ओळखलं तुला!" मागून म्हातारे क्लेमंट ओटवे काठी टेकत उठले. "माझ्याकडे दुहेरी काचांच्या खिडक्या विकायला आला होतास ना? 'आजोबा, तुमच्या खिडक्या रडतात,' म्हणून घाबरवलंस! तेव्हा पाणी कुठून येतं ते बरं ठाऊक होतं तुला!"

आता मात्र तमाशा झाला. इतका की झगा सावरत मागच्या दाराने निघालेल्या ब्रदरना कोणी "माफ करा हं" म्हटलं नाही.

आयव्हीबाई आपला पंप उचलायला वाकल्या आणि तशाच खाली बसल्या. ओठ निळसर पडलेले, श्वास आत जाईना. तातडीचा निळा पंप हेझेलने सोबत आणलाच होता. तो ओढत, धापा टाकत बाई कशाबशा रुग्णवाहिकेपर्यंत टिकल्या. त्या वाचल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

चॅपेल जुनं आहे, सुंदर आहे. त्यात जरूर जा, बसा, गा. पण दगड रडला तर आधी आजूबाजूला काय उकळतंय ते बघा. आणि जो कोणी औषध ठेवून द्यायला सांगेल, त्याला प्रश्न विचारायला लाजू नका.

हेझेल आता दर शनिवारी आयव्हीबाईंचा पंप हातात घेऊन बघते. बाई "सासूबाई आल्या!" म्हणून चिडवतात. तिची तुम्हांला एवढीच विनंती आहे: आज शेजारचं दार वाजवा. चहा मिळेलच. पिता पिता विचारा, "औषध घेताय ना?" ते "हो" म्हणतील. तरी एकदा डबी उघडून बघा.